यूट्यूबवर सगळं फुकट मिळतं, मग तुमच्या क्लासची फी कुणी का भरावी?



शिवणक्लास, केकचे क्लास, पार्लरचा कोर्स, टॅली, इंग्लिश स्पीकिंग... तुम्ही काहीही शिकवत असाल, तरी चौकशीला आलेल्या माणसाचं एक वाक्य तुमच्या ओळखीचं असणार. "हे तर यूट्यूबवर आहे की हो!" तो हे बोलतो आणि तुमचा हात फीच्या पाटीकडे जातो. पाचशे रुपये कमी करू का?

थांबा. फी कमी करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. ऑनलाइन साधनांनी शिकवण्याच्या धंद्यातलं नक्की काय स्वस्त केलं आणि काय महाग केलं?

माहिती फुकट झाली, हे आधी मान्य करा

आपल्याकडे आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं सगळ्यांसाठी खुली करणारा एनपीटीईएल हा उपक्रम २००३ मध्येच सुरू झाला. २००४ मध्ये अमेरिकेत सलमान खान नावाचा एक तरुण (आपला हिरो नव्हे!) दूर राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला फोन आणि इंटरनेटवरून गणित शिकवायला लागला. त्यातूनच पुढे खान अकॅडमी उभी राहिली. २०१७ मध्ये भारत सरकारचं 'स्वयम' आलं. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर पहिलीची पोरंसुद्धा मोबाइलवर शाळेत बसली.

म्हणजे नुसतं "सांगणं" आता विकलं जाणार नाही. कटोरी ब्लाऊजचं कटिंग दाखवणारे ढीगभर व्हिडिओ फुकट पडलेत. तिथे तुम्ही स्पर्धा करूच नका.

पण मग सगळे शिकले का?

खरी गंमत इथे आहे. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सगळ्या जगाला फुकट खुला केला होता. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं. शेवटपर्यंत पोचले वीस हजारांहून थोडे जास्त. शिक्षक उत्तम, विषय चलतीचा, खर्च शून्य. तरी आठातले सात जण वाटेतच गळाले.

याच्या उलट बाजूही बघा. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९८४ मध्ये एक निष्कर्ष मांडला होता. एका शिक्षकानं एकाच विद्यार्थ्याला शिकवलं, त्याची चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली आणि एक पायरी पक्की झाल्यावरच पुढे नेलं, तर साधारण विद्यार्थीसुद्धा नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. इतका मोठा फरक सगळीकडे पडतोच असं नाही, यावर नंतर वादही झाले. पण चूक दाखवणारा माणूस जवळ असला की शिकणं वेगानं होतं, हे तुम्ही रोज अनुभवता.

व्हिडिओ मुंढा कसा कापायचा ते दाखवतो. तुमच्या ब्लाऊजला काखेत चुण्या का पडल्या, ते तो सांगू शकत नाही. लोक फी त्या उत्तराची भरतात.

आभासी जगाचा खरा उपयोग

आता काही जण म्हणतील, सर, मेटाव्हर्स, व्हीआर, हे सगळं आलंय त्याचं काय?

त्याचीही गोष्ट ऐका. २००३ मध्ये 'सेकंड लाइफ' नावाचं आभासी जग आलं. परदेशातल्या कित्येक विद्यापीठांनी तिथे जागा घेतल्या आणि हुबेहूब इमारती, लेक्चर हॉल उभारले. पण आभासी बाकांवर बसून पुन्हा लेक्चरच ऐकायचं असेल, तर त्यात नवीन ते काय? २०११ च्या सुरुवातीला शिक्षणसंस्थांची सवलत बंद झाली आणि बऱ्याच जणांनी गाशा गुंडाळला.

मग आभासी जग चालतं कुठे? जिथे खरी चूक परवडत नाही तिथे. एडविन लिंकच्या वडिलांचा अमेरिकेत पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. त्याच ऑर्गनचे भाते वापरून त्यानं १९२९ मध्ये जमिनीवरच विमानासारखं हलणारं, वैमानिकांच्या सरावाचं यंत्र बनवलं. सुरुवातीला ते जत्रेतला खेळ म्हणून खपलं. १९३४ मध्ये टपाल नेणारी लष्करी विमानं पडून वैमानिक दगावले, तेव्हा कुठे लष्करानं सहा यंत्रं विकत घेतली. अलीकडे वॉलमार्टनंही सेलच्या दिवसाची गर्दी कशी हाताळायची, याचा सराव कर्मचाऱ्यांना व्हीआर हेडसेटवर दिला. २०१८ मध्ये आपल्या दुकानांसाठी असे १७ हजार हेडसेट त्यांनी जाहीर केले.

सूत्र एकच: चूक करू द्या, पण नुकसान होऊ देऊ नका.

आणि हे सूत्र तुमच्या क्लासमध्ये आधीपासून आहे बरं का! नवीन मुलीला तुम्ही कापडाआधी पेपर कटिंग करायला लावता. तेच तुमचं सिम्युलेटर. टॅलीवाल्यांची खोटी कंपनी, पार्लरवाल्यांचा डमी हेड, तेही तेच. त्यासाठी महागड्या हेडसेटची गरज नाही.

मग उद्यापासून काय करायचं?

१. दाखवणं मोबाइलवर टाका. प्रत्येक पायरीचा पाच-सहा मिनिटांचा छोटा व्हिडिओ करा. लांबलचक नको, घरात एकच फोन असतो आणि तो रात्रीच हाताला लागतो. वहीवर क्यूआर कोड चिकटवा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. साधन साधंच होतं, ते पोचलं योग्य जागी.

२. क्लासचा वेळ हातानं करण्यासाठी ठेवा. बघून यायचं घरून, करायचं तुमच्यासमोर.

३. चूक तपासायची पद्धत बसवा. काम झालं की व्हॉट्सॲपवर फोटो, आणि तुमचा एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज. ब्लाऊज उलटा करून, शिलाई दिसेल असा टेबलावर ठेवून फोटो मागवा. अंगावर घातलेला फोटो मागवू नका, आणि ग्रुपवर तर नकोच. विश्वास गेला की बॅच गेली.

४. बॅच मोजून घ्या. इथे बरेच जण फसतात. ३० विद्यार्थिनी, आठवड्याला प्रत्येकीचे २ फोटो, एका फोटोला ३ मिनिटं. म्हणजे १८० मिनिटं, पूर्ण तीन तास! हा वेळ फीमध्ये धरलाय का? धरला नसेल तर दुसऱ्याच महिन्यात उत्तरं द्यायचं बंद होईल, आणि मग तुमच्यात आणि यूट्यूबमध्ये फरक उरणार नाही. झेपत नसेल तर बॅच १५ ची करा, पण उत्तर चुकवू नका.

५. पाटी बदला. "३ महिन्यांत ४० डिझाइन" लिहू नका, यूट्यूबवर हजारो आहेत. "तुमच्या हातून ५ ब्लाऊज, प्रत्येकाचं फिटिंग आम्ही तपासणार" असं लिहा. आणि जे लिहाल ते पाळा.

एआयचं म्हणाल, तर २०२३ मध्ये खान अकॅडमीनंच 'खानमिगो' नावाचा एआय शिक्षक आणला. तो गणित अडलं तर पायरीपायरीनं विचारत नेतो. प्रश्नोत्तरं, नोट्स, टेस्ट पेपर यासाठी अशी साधनं जरूर वापरा, तुमचा वेळ वाचेल. तो वाचलेला वेळ विद्यार्थ्याच्या हाताकडे बघण्यात घाला.

या आठवड्याचा गृहपाठ: मागच्या बॅचमध्ये मध्येच सोडून गेलेल्या तिघांना फोन करा. "का सोडलं?" एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका. कोणत्या पायरीवर ते अडकले ते वहीत लिहा. तुमचा पहिला व्हिडिओ त्याच पायरीचा करा.

काय उत्तरं मिळाली ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, शिकवत राहा!