रमा कीं उमा?

श्रोतेहो, गेल्या पंधरवड्यांत माझ्या मुलाच्या घरीं कन्या जन्मास आली आणि तिसऱ्याच दिवशीं एक गोड वाद उभा राहिला. मुलाचें म्हणणें, तिचें नांव रमा ठेवावें. सूनबाईंच्या मनांत उमा. दोन्ही नांवें जुनीं, दोन्ही दोन अक्षरांचीं, दोन्ही देवींचीं, आणि पहिलें अक्षर वगळलें तर कानाला एकच. ज्याचा सारा जन्म हजेऱ्या घेण्यांत गेला त्या मास्तराकडे निवाडा यावा, हें ओघानेंच आलें. तो करितांना जें कांहीं धुंडाळलें व आठवलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम शास्त्र पाहूं. मुलीचें नांव सुखानें उच्चारतां यावें, त्यांत क्रूरपणा नसावा, अर्थ स्पष्ट व मंगल असावा, शेवटचा स्वर दीर्घ असावा, असें मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. या परीक्षेंत दोघीही उत्तीर्ण होतात. पारस्कर गृह्यसूत्र मात्र मुलीच्या नांवांत विषम अक्षरें मागतें. तेथें दोघीही नापास! पण ज्या देशांत सीतेचेंच नांव दोन अक्षरी आहे, तेथें हा नियम कितीसा पाळला गेला असेल? नक्षत्रावरून पाहावें तर उ हें अक्षर कृत्तिकेच्या तिसऱ्या चरणाचें, म्हणजे वृषभ राशीचें, आणि रा चित्रेच्या तिसऱ्या चरणाचें, म्हणजे तूळ राशीचें. परंतु आपल्याकडे जन्मनांव पत्रिकेंत राहतें आणि हाक मारण्याचें नांव निराळें असतें. तेव्हां त्या वाटेनें जाण्याचें कारण नाहीं.

अर्थाकडे वळलें म्हणजे मौज वाटूं लागते. रमा हें लक्ष्मीचें नांव. रम् म्हणजे रमणें, आनंद पावणें, या धातूपासून तें आलें आहे. रमणीय आणि मनोरम हीं त्याचींच भावंडें. उमा हें पार्वतीचें नांव, आणि त्याची एक व्युत्पत्ति कालिदासानें कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत दिली आहे. पार्वती तपाला निघाली तेव्हां तिच्या आईनें "उ, मा", म्हणजे "अग, नको" असें म्हणून तिला अडविलें. त्या दोन अक्षरांचेंच पुढें नांव झालें. व्याकरणाला ही फोड कितपत मानवेल तें असो. पण आईच्या काळजीतून निघालेलें नांव म्हणून मला ती फार आवडते. केनोपनिषदांतली उमा हैमवती तर साक्षात् इंद्राला ब्रह्म म्हणजे काय हें सांगते. म्हणजे उमा मूळची शिक्षिकाच! आमच्या धंद्यांतली म्हणून तिच्याकडे माझा किंचित् ओढा असेल, तर श्रोत्यांनीं क्षमा करावी. आणखी एक गंमत अशी कीं अमरकोशांत उमा म्हणजे जवस असाही अर्थ आहे. ज्यानें जवसाचें निळें फूल पाहिलें आहे, त्याला यांत कांहीं कमीपणा वाटणार नाहीं.

आतां लौकिकाकडे येऊं. आपल्या इतिहासांत दोन्ही नांवें आहेत. थोरल्या माधवरावांच्या पाठोपाठ १७७२ सालीं थेऊरला सती गेलेल्या रमाबाई सर्वांच्या परिचयाच्या आहेत. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत पुत्र पडल्यावरही दाभाड्यांचा कारभार हातीं धरणाऱ्या उमाबाई तितक्या परिचयाच्या नाहींत, पण असावयास हव्यात. सासरीं मुलीचें नांव बदलतांना नवऱ्याच्या नांवाशीं जोडी साधण्याची चाल होती. नवरा माधव, केशव असा विष्णूच्या नांवाचा असला कीं रमा; महेश, शंकर असला कीं उमा. पण ही चाल सर्वत्र काटेकोर नसे. यमुना नांवाची एक मुलगी १८७३ सालीं महादेव गोविंद रानडे यांना दिली. जोडीच लावावयाची, तर ती उमा व्हावयाची. झाली मात्र रमा. पुढें पुण्याच्या सेवासदनाचा भार वाहणाऱ्या व आपल्या आयुष्यांतील आठवणी लिहिणाऱ्या रमाबाई रानडे त्या याच. उलट १८५८ सालीं जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनीं वडिलांनीं दिलेलें नांवच अखेरपर्यंत चालविलें.

या चालीचा उल्लेख मीं मुद्दाम केला, कारण आमच्या वादाची गांठ तेथेंच आहे. माझ्या आईचें नांव रमा. घरचीं माणसें, शेजारपाजार, सारे तिला याच नांवानें ओळखीत, आणि आजीचें नांव पुढें चालावें म्हणूनच माझा मुलगा हट्ट धरून बसला होता. परंतु आईचें माहेरचें नांव उमा होतें. वडिलांचें नांव विष्णूच्या नांवांतलें. म्हणून लग्नाच्या दिवशीं ताटांत तांदूळ पसरून अंगठीनें नवीं अक्षरें काढलीं गेलीं, आणि उमा तेथेंच थांबली. मला हें बाराव्या वर्षीं कळलें. मामा गांवाहून आले आणि त्यांनीं ओटीवरून "उमे!" अशी हाक मारली. आई भाकऱ्या थापीत होती. ती पिठाच्या हातांनींच धांवत बाहेर आली. तिला तशी धांवतांना मीं त्यापूर्वीं पाहिलें नव्हतें. मामा वारल्यावर त्या नांवानें हाक मारणारें कोणी उरलें नाहीं. वर्गांत प्रत्येक मुलाला त्याच्या नांवाचा अर्थ विचारण्याची मला खोड होती, पण "आई, तुला कोणतें नांव आवडतें?" एवढा प्रश्न घरीं विचारण्याचें मला कधीं सुचलें नाहीं.

ही हकीकत सांगतांच मुलगा म्हणाला, "बाबा, इतकीं वर्षें तुम्ही हें बोललां कां नाहीं?" माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तो लागलीच उमेच्या बाजूला आला, तर सूनबाई म्हणाल्या, "मग रमाच ठेवूं या. आजींनीं सारा संसार त्या नांवानें केला. तें परकें कसें म्हणावें?" म्हणजे वाद मिटला नाहीं, बाजू तेवढ्या बदलल्या. सूनबाईंचें म्हणणें मला अजूनही खोटें वाटत नाहीं.

थोडा व्यवहारही पाहिला. इंग्रजी लिपींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद राहत नाहीं, त्यामुळें पारपत्रावरची रमा परक्या मुलखांत रामा होऊन बसते. उमेला ही अडचण फारशी नाहीं. लाडानें रमी म्हणावें, तर तो पत्त्यांचा डाव. घाई मात्र नको होती. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण बाळाचें नांव त्यानंतर, पहिल्या वर्षांत शुल्कावांचून, घालतां येतें. आम्हीं नोंद केली व नांवाची जागा कोरी ठेविली.

परवां जुन्या पेटींत आईचा तिसऱ्या इयत्तेचा दाखला सांपडला. रमा हें नांव तिच्या शिधापत्रिकेवर, मतदारयादींत, बँकेच्या पुस्तकांत, सर्वत्र आहे. उमा त्या एका पिवळ्या कागदावर आहे, घडीवर फाटलेल्या. मीं तो दोघांपुढें ठेवला. सूनबाईंनीं तो वाचला, जपून घडी घातली आणि म्हणाल्या, "तर मग उमाच."

बारसें येत्या रविवारीं आहे. कानांत नांव सांगण्याचा मान आत्याचा. तिला तें अद्याप कळविलेलें नाहीं, कारण तिच्या पोटांत गोष्ट राहत नाहीं. तेव्हां श्रोत्यांनींही रविवारपर्यंत कृपा करून कोठें बोलूं नये.