यकृताला मुका मार : शस्त्रक्रिया केव्हा?

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज रस्त्यांवर स्कूटर-मोटारसायकलींची गर्दी आहे. वाहन कोणतेही असो, पडताना हँडलचे टोक पोटात बसले तर कातडी फुटत नाही, पण आतले यकृत फाटू शकते. अशा इजेला आपण मुका मार म्हणतो. तो वरून दिसत नाही, हाच त्यातला धोका.

प्रौढाच्या यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. तेव्हा फाटलेले यकृत ताबडतोब शिवायला हवे, असे कोणालाही वाटेल. शल्यविशारदही पूर्वी तसेच मानत. ग्लासगोच्या प्रिंगल यांनी १९०८ साली यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटीत दाबून रक्तस्राव रोखण्याची युक्ती सांगितली. ती आजही उपयोगी पडते.

परंतु पोट उघडल्यावर अनेकदा असे दिसे, की रक्तस्राव आधीच थांबला आहे! असे का व्हावे? यकृतात येणारे सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतडी, प्लीहा यांच्याकडून येणाऱ्या शिरेतून येते. धमन्यांमध्ये रक्ताचा सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर असतो, तर या शिरेत तो जेमतेम ५ ते १०. एवढ्या कमी दाबापुढे रक्ताची गुठळी टिकून राहते. पोट उघडले, तर जखमेवरचा आधाराचा दाब जातो आणि धरलेली गुठळी निसटू शकते.

१९७१ मध्ये सीटी स्कॅन आले आणि पुढे पोट न उघडता आतली जखम पाहता येऊ लागली. आधी मुलांमध्ये, मग प्रौढांमध्ये शस्त्रक्रियेविना उपचार रुळले. आज निर्णय केवळ चीर किती खोल यावर होत नाही. नाडी व रक्तदाब स्थिर आहेत का, हे पाहिले जाते. रक्त देऊनही दाब टिकत नसेल किंवा आतडेही फुटले असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. धमनीतून रक्त झिरपत असेल, तर बारीक नळी घालून ती आतून बंद करता येते. मात्र शस्त्रक्रिया न करणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. वारंवार तपासणी, रक्ताची तजवीज आणि सज्ज शस्त्रक्रियागृह हवेच.

शिक्षकांनी काय करावे? पोटाला मार लागलेल्या मुलाचे पोट किंवा उजवा खांदा दुखत असेल, चेहरा पांढरा पडला असेल, घाम सुटून नाडी जलद चालत असेल, तर त्याला आडवे झोपवावे, पोट चोळू नये, खायला-प्यायला काही देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. थांबायचे की नाही हे रुग्णालयात ठरेल. शाळेत मात्र थांबू नये.