निकाल लागण्याआधीची 22 मिनिटं

4 मे 2019 रोजी अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर पावसानं नुसता चिखल झाला होता. सात नंबरचा घोडा मॅक्झिमम सिक्युरिटी केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत सगळ्यांच्या आधी विजयरेषेपार गेला आणि त्याच्या माणसांनी जल्लोष सुरू केला. तेवढ्यात मागे पडलेल्या दोन जॉकींनी हरकत घेतली. शेवटच्या वळणावर हा घोडा कुंपणाकडची आपली वाट सोडून बाहेर सरकला होता. त्यामुळे वॉर ऑफ विल हा घोडा अडला आणि त्याचा फटका त्याच्या बाहेरच्या दोन घोड्यांना बसला.

निवाडा तीन स्टुअर्ड्सचा, म्हणजे रेसच्या पंचांचा, होता. मुख्य स्टुअर्ड बार्बरा बोर्डन आणि दुसरे एक हे केंटकी राज्याच्या हॉर्स रेसिंग कमिशनचे, तिसरे रेसकोर्सचे. त्यांनी चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या, जॉकींशी फोनवर बोलले. दीड लाखाच्या आसपास माणसं फलकाकडे डोळे लावून होती. 22 मिनिटांनी निर्णय आला. अडवल्या गेलेल्या घोड्यांत जो सगळ्यात मागे होता, त्याच्याही मागे मॅक्झिमम सिक्युरिटीला टाकलं, म्हणजे थेट सतराव्या जागी. डर्बी जिंकली कंट्री हाउसनं, आणि त्याच्यावर 2 डॉलर लावणाऱ्याच्या हाती 132.40 डॉलर पडले. वाट अडवली म्हणून विजेत्याची डर्बी काढून घेण्याची ही पहिलीच वेळ.

बोर्डन यांनी छोटं निवेदन वाचलं आणि प्रश्न न घेता त्या निघून गेल्या. मालक वेस्ट दांपत्य कमिशनकडे गेलं, तर उत्तर मिळालं की मैदानावरच्या धक्क्याबद्दल स्टुअर्ड्सचा निर्णय अंतिम, अपील नाही. मग ते फेडरल कोर्टात गेले आणि तिथे दोन पायऱ्यांवर हरले. ऑगस्ट 2020 मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की केंटकीच्या कायद्यात त्या बक्षिसावर मालकांचा असा हक्कच तयार होत नाही.

मला हे अपीलबंदीचं तत्त्व पटतं. रेसमध्ये निकाल 'ऑफिशियल' झाला की खिडकीवर पैसे वाटले जातात, आणि वाटलेला पैसा परत गोळा होत नाही. म्हणून निवाडा त्याआधीच हवा आणि तो टिकायलाही हवा. पटत नाही ते गप्प राहणं. ज्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येत नाही, त्याची सविस्तर कारणं लेखी द्यायलाच हवीत. सरकारनं नेमलेल्या पंचांवर तर ती जबाबदारी अधिकच आहे.

उशीर झाला की काय होतं, हे दोनच वर्षांनी दिसलं. तेव्हा प्रश्न औषधाच्या तपासणीचा होता. रेस संपली की विजेता घोडा विजेत्यांच्या वर्तुळातून थेट तपासणीच्या तबेल्यात जातो. मोतद्दार त्याला फिरवून थंड करतो, मानेच्या शिरेतून रक्त काढलं जातं. लघवी गोळा करणारा माणूस लांब दांड्याचं भांडं धरून हलकी शीळ घालत उभा राहतो, कारण घोड्यांना त्या शिळेची सवय लावलेली असते. नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करतात. पहिल्यात दोष निघाला तर ट्रेनर दुसरा भाग वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो.

2021 च्या डर्बीचा विजेता मेडिना स्पिरिट. त्याच्या रक्तात एका मिलिलिटरमागे 21 पिकोग्रॅम बीटामेथासोन हे सूज उतरवणारं औषध सापडलं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. ट्रेनर बॉब बॅफर्ट यांच्या बाजूचं म्हणणं होतं की हे त्वचेला लावलेल्या मलमातून आलं. पण नियम रेसच्या दिवशी या औषधाचा मागमूसही चालवून घेत नव्हता, मग ते सुईतून आलेलं असो की मलमातून. विजय काढून घेण्याचा निर्णय आला 21 फेब्रुवारी 2022 ला, जवळजवळ दहा महिन्यांनी. तोवर मेडिना स्पिरिट डिसेंबरमध्ये सरावानंतर मरण पावला होता. डर्बी दुसऱ्या आलेल्या मँडलूनच्या नावावर गेली, पण मँडलूनवर पैसे लावणाऱ्यांना एक छदामही मिळाला नाही.

केंटकीचं रेसिंग कमिशन 1906 सालचं. सदस्य नेमत गव्हर्नर, आणि त्यांत घोड्यांचे मालक नि पैदासकारही असत. धंद्याची जाण हवी म्हणून ते ठीक, पण संशयाला जागा तिथेच राहते. आपल्याकडची घडी निराळी. मुंबईत महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या रेसेस टर्फ क्लब स्वतः चालवतो, जॉकींना परवाने देतो, स्टुअर्ड्सही क्लबचेच. सरकार 1912 च्या कायद्यानं रेसकोर्सला परवाना देतं आणि कर घेतं. घोडा का अडला, हे ठरवणारा सरकारी माणूस तिथे नसतो.

अमेरिकेतही गाडं पुढे सरकलं. 2020 च्या डिसेंबरात काँग्रेसनं घोड्यांच्या शर्यतींसाठी देशभर एकच प्राधिकरण उभारण्याचा कायदा केला. औषधांच्या तपासणीचं काम त्या प्राधिकरणानं 22 मे 2023 पासून हाती घेतलं. केंटकीच्या कमिशनचं 2024 मध्ये महामंडळ झालं. कोणी कोणाची वाट अडवली, हे मात्र अजूनही स्टुअर्ड्सच ठरवतात.