डोंगर कापण्याआधीचे प्रश्न

गेल्या हिवाळ्यात चार वर्षांच्या एका दमेकरी मुलाची आई मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, औषध तर आपण देताच आहात, पण समोरच्या प्लॉटवर रात्री दोनपर्यंत मुरुमाचे डंपर चालतात. त्याबद्दल कोणाला काही लिहून द्याल का?" इतक्या वर्षांच्या व्यवसायात असे पत्र मी कधी लिहिले नव्हते. त्यात नेमके काय मागावे, हेही उमगेना. खोदलेली माती प्लॉटची हद्द ओलांडते तेव्हा तिची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा माग काढत मी लॉस एंजेलिस या शहरापाशी येऊन पोहोचलो.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे घरांची मागणी वाढली आणि डोंगरउतार कापून, पायऱ्यापायऱ्यांनी प्लॉट पाडले जाऊ लागले. जानेवारी १९५२ च्या पावसात हे उतार ढासळून चिखल घरांत शिरला. त्याच वर्षी महापालिकेने डोंगरावरील सपाटीकरणासाठी स्वतंत्र नियम केले. अमेरिकेतील या प्रकारचे ते पहिले नियम मानले जातात. परवान्याविना माती हलवायची नाही, भराव थराथराने दाबून भरायचा आणि निरीक्षकाने तो पाहायचा, असे त्यांचे स्वरूप. १९६३ मध्ये त्यांत भर पडून भूवैज्ञानिक आणि मृदा-अभियंता यांची देखरेख आराखड्यापासून काम संपेपर्यंत आवश्यक झाली.

१९६९ च्या हिवाळ्यात पुन्हा मुसळधार पाऊस झाला, आणि नियमांची परीक्षा आपोआप झाली. १९५२ पूर्वीच्या सुमारे १०,००० प्लॉटांपैकी १०.४ टक्क्यांची हानी झाली होती. १९५२ ते १९६२ या काळातील २७,००० प्लॉटांत हे प्रमाण १.३ टक्के, तर १९६३ नंतरच्या ११,००० प्लॉटांत अवघे ०.१५ टक्के निघाले. नव्या उतारांनी पावसाळे कमी पाहिले होते, हा आक्षेप आपल्यापैकी कोणीही घेईल आणि तो रास्तही आहे. तरीही लसीकरणाच्या तक्त्यांत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला ही उतरण पाहून थबकावेसे वाटले.

उघड्या मातीचे शरीरशास्त्र साधे आहे. गवताचे आवरण निघाले की पावसाचा थेंब थेट मातीच्या कणावर आदळतो, सुटलेले बारीक कण पृष्ठभागाची छिद्रे बुजवतात, पाणी मुरेनासे होते आणि वाहू लागते. म्हणून तेथे ऑक्टोबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या पावसाळ्यात खोदकाम उघडे राहणार असेल, तर धूप रोखण्याचा आराखडा आधीच सादर करावा लागतो. वाळूच्या पिशव्या कोठे रचणार, गाळ अडवणारे कुंड कोठे खोदणार, उतार कशाने झाकणार, हे सारे ढग येण्यापूर्वी कागदावर हवे.

ट्रकांची व्यवस्था मला अधिक उद्बोधक वाटली. डोंगराळ भागात १,००० घनयार्डांहून, म्हणजे सुमारे ७६५ घनमीटरहून अधिक माती बाहेरून आणायची वा बाहेर न्यायची असेल, तर ट्रकांचा मार्ग मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी जाहीर सुनावणी होते. हिशेब करून पाहा. खोदलेली माती फुगते. ती सव्वापट धरली आणि एका ट्रकात दहा घनयार्ड मावले, तर सव्वाशे भरलेल्या व तितक्याच रिकाम्या, अशा अडीचशे फेऱ्या एकाच गल्लीतून होतात. कोणत्या वेळेत, कोणत्या रस्त्याने, वळणावर झेंडेवाला कोठे उभा राहील, रस्ता खचल्यास भरपाई कोणत्या अनामतीतून होईल, याच्या अटी घातल्या जातात. शेजाऱ्यांना पूर्वसूचना मिळते आणि ते बोलू शकतात.

नियम असूनही माणसे दगावतातच. शेजारच्या बेव्हर्ली हिल्समध्ये २०१४ च्या मार्च आणि मे महिन्यांत एकाच तीव्र उताराच्या रस्त्यावर बांधकामाच्या अवजड ट्रकांनी दोन पोलीस अधिकाऱ्यांचे बळी घेतले. त्यानंतर तेथील नगरपरिषदेने त्या वस्तीतील अवजड वाहतूक काही काळ थांबवली.

धुळीचे नियमही बारीक आहेत. ट्रकच्या चाकांबरोबर रस्त्यावर आलेला मातीचा माग २५ फुटांपर्यंत लांबता कामा नये आणि दिवसाचे काम संपताना तो साफ व्हायला हवा. त्या प्रदेशात याला वैद्यकीय कारणही आहे. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात दरडी कोसळून उठलेल्या धुळीनंतर व्हेंचुरा जिल्ह्यात कॉक्सिडिऑइडोमायकोसिसचे २०३ रुग्ण आढळले, त्यांतील तिघे दगावले. हा बुरशीजन्य आजार मातीतूनच श्वासात येतो.

आपल्याकडे जून २०१३ मध्ये पुण्याजवळ शिंदेवाडी येथे, जेथे टेकडी फोडली गेली होती, त्या भागात पाण्याच्या लोंढ्यात एक आई आणि तिचे तान्हे मूल वाहून गेले. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने बांधकामावरील धुळीसाठी नियम केले: ताडपत्री, पाण्याची फवारणी, वाऱ्याला आडोसा, उघड्या मातीला झाकण. फेऱ्यांची मोजदाद आणि शेजाऱ्यांची सुनावणी मात्र त्यांत मला सापडली नाही.

अखेर त्या आईला पत्र लिहून दिले. मुलाचे निदान लिहिले आणि तीन गोष्टी मागितल्या: डंपरांची वेळ दिवसाची असावी, माती झाकून न्यावी, प्लॉटच्या तोंडाशी चाके धुतली जावीत. पत्राची पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान पहिल्या मजल्याचा स्लॅब पडला आहे, आणि मुलाचा पंप चालूच आहे.