सर्दीवर अँटिबायोटिक का चालत नाही?

थंडी सुरू झाली की आपल्या वर्गात बाराखडीपेक्षा शिंका आणि खोकलाच जास्त ऐकू येतो. मग डॉक्टरांकडे फेरी होते. डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, "व्हायरल आहे. भरपूर पाणी प्या, विश्रांती घ्या." आई-बाबा रिकाम्या हाताने परत येतात. फोनवर आजी म्हणते, "तिकडचे डॉक्टर साधं अँटिबायोटिकसुद्धा देत नाहीत!" डॉक्टर असे का करतात, ते आज पाहू.

आधी दोन शब्द शिकू या. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया आणि विषाणू म्हणजे व्हायरस. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, दोन्हींमुळे ताप येऊ शकतो. पण जिवाणू ही एक पूर्ण पेशी असते. तिला बहुधा स्वतःची भिंत असते आणि आत प्रथिने तयार करणारी यंत्रणा असते. विषाणू त्याहून पुष्कळ लहान. त्याला अशी भिंत नाही आणि यंत्रणाही नाही. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर जिवाणू हा छोटासा स्वतंत्र कॉम्प्युटर आहे, आणि विषाणू हा नुसता प्रोग्रॅम. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेवर स्वतःच्या प्रती काढून घेतो.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, तोही पेनिसिलिन बनवण्यासाठीच. पेनिसिलिन जिवाणूला भिंत नीट बांधू देत नाही, त्यामुळे तो फुटतो. दुसरी काही अँटिबायोटिक्स त्याची प्रथिने बनवणारी यंत्रणा बंद पाडतात. आता सांगा, ज्याला भिंतही नाही आणि यंत्रणाही नाही, त्या विषाणूचे ही औषधे काय बिघडवणार?

कोणी म्हणेल, "पण मागच्या वेळी गोळ्या घेतल्या आणि चार दिवसांत बरे वाटले!" साधी सर्दी बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्रास सर्वात जास्त असतो, तेव्हाच आपण गोळी घेतो आणि श्रेय गोळीला जाते. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवेच, हाही गैरसमज आहे.

"घेतले तर बिघडले कुठे?" बिघडते. पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, जुलाब होतात, कोणाच्या अंगावर पुरळ उठते. त्याहून मोठा धोका पुढेच आहे. लाखो जिवाणूंत एखादा औषधाला दाद न देणारा निघतो. बाकीचे मेले की त्याला मोकळे रान मिळते. काही जिवाणू अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एकापासून सुरुवात केली तर सात तासांत किती होतील? कागदावर करून पाहा. उत्तर वीस लाखांच्या वर येईल! मग खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध चालत नाही. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनी या धोक्याचा इशारा दिला होता.

मग अँटिबायोटिक लागते कधी? स्ट्रेप जिवाणूमुळे घसा दुखत असेल, लघवीच्या मार्गात संसर्ग झाला असेल किंवा जिवाणूंमुळे न्यूमोनिया झाला असेल तर. स्ट्रेपसाठी घशातला नमुना घेऊन काही मिनिटांत तपासणी होते. फ्लूसाठी वेगळी, विषाणूविरोधी औषधे आहेत. ती लवकर सुरू करावी लागतात आणि कोणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतात.

पालकांसाठी थोडेसे. भारतातून येताना "असू दे जवळ" म्हणून अझिथ्रोमायसिनच्या स्ट्रिप बॅगेत येतात. त्या मनाने मुलांना देऊ नयेत. दादाच्या उरलेल्या गोळ्या ताईला देऊ नयेत. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले तर सांगितले तसेच आणि तितके दिवस द्यावे. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये. खोकल्यावर चमचाभर मध चालतो, पण एक वर्षाखालच्या बाळाला तो मुळीच नको.

मात्र श्वास घ्यायला त्रास होत असेल, मूल पाणीही पीत नसेल, उतरलेला ताप पुन्हा चढला असेल किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. आणि तिथे "अँटिबायोटिक द्या" असे म्हणण्याऐवजी विचारावे, "हे जिवाणूंमुळे आहे की विषाणूंमुळे?"