खेळाडूंचे गैरवर्तन आणि पंचांची दंडनीती : एक विवेचन

प्रस्तावना :
क्रीडाक्षेत्रात पंचाचा निर्णय अंतिम मानला जातो. तथापि निर्णय अंतिम असणे आणि तो खेळाडूस पटणे या दोन भिन्न गोष्टी होत. या दोहोंतील अंतरातूनच पुष्कळदा मैदानावरील गैरवर्तन उद्भवते. अशा वर्तनास कोणत्या तत्त्वानुसार दंड करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अहिल्यानगर येथील घटना :
२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ यांना चितपटीने विजयी घोषित करण्यात आले. पाठ टेकली नसल्याचा आक्षेप घेऊन शिवराज राक्षे यांनी पंचाला लाथ मारली. त्यानंतरच्या किताबी लढतीत महेंद्र गायकवाड यांनी पंचांशी वाद घालून मैदान सोडले. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाने दोघांवरही तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर केली. दोन्ही कृत्ये निषेधार्हच होती. परंतु पंचावर हात टाकणे आणि वाद घालून निघून जाणे यांची तीव्रता सारखी नाही. असमान अपराधास समान शिक्षा दिल्यास शिक्षेतील बोध हरवतो.

श्रेणीबद्ध दंडाची व्यवस्था :
ही उणीव अन्य खेळांनी श्रेणी ठरवून दूर केली आहे. कबड्डीत हिरवे कार्ड ताकीद देते, पिवळे कार्ड खेळाडूस दोन मिनिटे बाहेर बसविते, तर लाल कार्ड त्यास सामन्यातून बाद करते. क्रिकेटच्या नियमांत ऑक्टोबर २०१७ पासून गैरवर्तनाच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर प्रथम ताकीद व पुनरावृत्ती झाल्यास प्रतिस्पर्ध्यास पाच धावा मिळतात. पंचास धमकावणे वा कोणावरही शारीरिक हल्ला करणे ही चौथी पातळी असून त्यात खेळाडूस उर्वरित सामन्यासाठी मैदानाबाहेर काढले जाते. दंड काय होईल हे खेळाडूस आधीच ज्ञात असल्याने पंचावर सूडबुद्धीचा आरोप सहसा टिकत नाही.

पंचांची कार्यपद्धती :
दंड कृतीला असावा, आक्षेपाला नसावा. निर्णय चुकीचा असला तरी लाथ क्षम्य ठरत नाही. त्याचप्रमाणे लाथ मारली म्हणून निर्णय बरोबरही ठरत नाही. म्हणून आक्षेपासाठी कर्णधार वा प्रशिक्षकामार्फत स्वतंत्र मार्ग हवा आणि त्याचा निवाडा संबंधित पंचाऐवजी अन्य अधिकाऱ्याने करावा. पंचाने मैदानावर तत्काळ नियमातील दंड द्यावा व घटनेचा लेखी अहवाल सादर करावा. दीर्घ निलंबनाचा निर्णय मात्र खेळाडूची बाजू ऐकून शिस्तपालन समितीनेच घ्यावा.

भिवापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी आंतरमहाविद्यालयीन सामना होतो, तेव्हा चित्रफितीची सोय नसल्यास सरपंच, पंच व गुणलेखक यांच्या नोंदी हाच पुरावा असतो. त्यामुळे सामन्यापूर्वी दोन्ही संघांना दंडाच्या श्रेणी समजावून सांगणे ही शारीरिक शिक्षण विभागाची जबाबदारी ठरते.

समारोप :
दंडाचा हेतू खेळाडूस संपविणे हा नसून खेळाची मर्यादा राखणे हा आहे. तत्काळ, प्रमाणशीर आणि पूर्वघोषित दंडानेच पंचाचा अधिकार व खेळाडूचा न्याय हे दोन्ही सुरक्षित राहू शकतात.