सैनिकाची पत्नी आणि तिची पोटगी

गेल्या आषाढांत माझी एक जुनी विद्यार्थिनी चिमूरच्या आमच्या ओसरीवर आली. हातांत परस्परसंमतीनें घटस्फोट घेण्याच्या अर्जाचा मसुदा होता. पती सैन्यांत नायक. दोन वर्षांत घरीं पैसा आला नव्हता. “गुरुजी, सही केली कीं एकरकमी पैसे मिळतील, मी मोकळी होईन,” ती म्हणाली. मीं म्हटलें, “मुली, काय मिळतें तें पाहिलेंस, काय जातें तेंही पाहा.” त्या सायंकाळीं आम्हीं जें वाचलें, तें इतर कुटुंबांच्याही उपयोगीं पडेल.

प्रवासास निघणाऱ्या पुरुषानें आधीं भार्येच्या चरितार्थाची तजवीज करावी, असें मनूनें नवव्या अध्यायांत सांगितलें आहे. सैन्याच्या कायद्यानेंही हें तत्त्व सोडलेलें नाहीं. १९५० च्या आर्मी ॲक्टचें २८ वें कलम सैनिकाच्या पगारास दिवाणी जप्तीपासून संरक्षण देतें. परंतु त्याच कायद्याच्या ९० व ९१ या कलमांन्वयें पत्नी व मुलांच्या निर्वाहासाठीं पगारांतून रक्कम कापतां येते. अर्ज पतीच्या कमांडिंग ऑफिसरकडे करावयाचा. २००१ च्या सैन्य-आदेशांत पत्नीस पगार व भत्त्यांच्या २२ टक्के, प्रत्येक मुलास साडेपांच टक्के आणि एकूण ३३ टक्के अशी कमाल मर्यादा घातली आहे.

न्यायालयाचा मार्ग निराळा. १९४७ सालीं मुंबई प्रांतानें हिंदु घटस्फोटाचा कायदा केला. चिमूर तेव्हां मध्यप्रांतांत असल्यानें आम्हांस १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यापर्यंत थांबावें लागलें. त्याच्या २४ व २५ या कलमांत अनुक्रमें दावा चालू असतांनाच्या व कायमच्या पोटगीची तरतूद आहे. पत्नीस आपण राहतों तेथेंच दावा लावतां येतो. छावणीमागें धांवावें लागत नाहीं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयांतून वर गेलेल्या एका प्रकरणांत ४ नोव्हेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असें ठरविलें. मात्र पती युद्धभूमीवर असल्यास १९२५ च्या सैनिक-दावे कायद्यान्वयें दावा तहकूब होऊं शकतो. म्हणून सैन्याकडील अर्ज आधीं करणें शहाणपणाचें. स्त्रीस उत्पन्नाची अट न घालतां मोफत वकील मिळतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

आतां मुख्य गोष्ट. घटस्फोट झाला कीं ती सैनिकाची विधवा म्हणून कुटुंबनिवृत्तिवेतनास पात्र राहत नाहीं. माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेचा लाभही सुटतो. एकरकमी रकमेचा विचार करतांना हा तोटा वजा घालावयास हवा. घटस्फोट घेऊंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. छळाच्या संसारापेक्षां तो बरा. पण अज्ञानानें दिलेली संमति ही संमति नव्हे. आणि लेक माघारी आली म्हणजे “लोक काय म्हणतील” या धास्तीनें तिला सहीची घाई करणारे बहुधा आपणच असतों.

तिनें त्या दिवशीं सही केली नाहीं. आमच्याच ओसरीवर बसून कमांडिंग ऑफिसरास स्वहस्तें अर्ज लिहिला. शाळेंत तिचें शुद्धलेखन फार कच्चें होतें. त्या अर्जांत मला एकही चूक सांपडली नाहीं.